झालंच, थोडंच राहिलं

या, जरा जवळ सरकून बसा. मागे टेकलेल्यांनीही पुढे यावं, जागा आहे. आज सांगायची आहे ती गोष्ट ना राजाची, ना राणीची. एका बहिणीची आहे, तिच्या मोठ्या भावाची आहे, आणि एका आकड्याची आहे. आकडा खोटा होता. कुणाचं वाकडं व्हावं म्हणून तो रचलेला नव्हता, लोकांना बरं वाटावं म्हणून रचला होता. आणि देवाशपथ सांगतो, अशाच खोट्याची लाज माणसाला जास्त जाळते. हेतू वाईट असता तर निदान हेतूच्या नावावर बिल फाडता आलं असतं.

बहिणीला घरात सगळे धाकटी म्हणत, आपणही धाकटीच म्हणू. ही धाकटी प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी प्रोग्राम लिहायची. म्हणजे कसं ते आधी ऐकून घ्या, पुढचं सगळं त्याच्यावर आहे. प्रोग्रामर ज्या खिडकीत कोड लिहितो तिला एडिटर म्हणतात. एडिटर म्हणजे घराची बैठकीची खोली समजा. पण लिहिताना कुठे चुकलं, हे नाव आधी कुठे आलंय, इथे बदललं तर आणखी कुठे कुठे हात लावावा लागेल, हे बैठकीच्या खोलीला काही कळत नाही. त्यासाठी मागच्या खोलीत एक जाणता बसवलेला असतो. त्याला लँग्वेज सर्व्हर म्हणतात. तो सगळ्या फायली वाचून डोक्यात ठेवतो आणि बैठकीतून विचारलं की आतून उत्तर देतो. धाकटीची कंपनी असा जाणता बनवत होती, आणि त्याने बैठकीशी बोलायचं कसं, तेवढं काम धाकटीकडे होतं.

आता फायली वाचायला वेळ लागतो. जुनं, अवाढव्य काम असलं तर फारच लागतो. तोवर बैठकीतला माणूस ताटकळतो. म्हणून रीत अशी, की आतल्याने आधी विचारायचं, "कामाची खबर देत राहू का?" बैठकीतून होकार आला की म्हणायचं, "सुरू केलं." मग मधून मधून, "इतकं झालं." शेवटी, "संपलं." वाटलं तर टक्केही सांगायचे, म्हणजे एडिटरच्या तळाशी एक पट्टी भरत जाते. टक्के सांगितलेच पाहिजेत असं नाही. पण सांगितले तर एक अट आहे, आकडा मागे जाता कामा नये. एकदा साठ म्हटलं की पुन्हा चाळीस म्हणायची सोय नाही. म्हटलं तरी एडिटर ते कानाआड करू शकतो.

गंमत अशी, की काम वाढतच जायचं. जाणता एक फाइल वाची, तिच्यातून आणखी दहा-पाचांचा पत्ता लागे, त्या उघडाव्यात तर त्यांच्या मागे आणखी. अर्धं झालं म्हणावं तोवर ते पाव होऊन बसे. आकडा खरा ठेवायचा तर मागे यायला हवा, आणि मागे येता येत नाही, म्हणून पट्टी बिचारी एका जागी खिळून राही. लोक मग ओरडत. "अडकलं." "मेलं वाटतं." एकाने तर लिहून कळवलं, "माझी सासू याच्याआधी तयार होऊन दारात उभी राहते."

धाकटीच्या साहेबांनी तिला बोलावलं.

"लोकांना काम होताना दिसलं पाहिजे."

"काम होतंच आहे, साहेब."

"अहो, होतंय हो. दिसत नाहीये ना! काहीतरी करा की पट्टी हलेल."

धाकटीने केलं. फार हुशारीने केलं. तिने आकडा कामापासून सोडवला आणि घड्याळाला बांधला. उरलेल्या अंतरातला थोडा तुकडा दर थोड्या वेळाने कापायचा, बस. पट्टी आधी झपझप पळायची, मग चालायची, मग मुंगीच्या पावलांनी पुढे सरकायची, पण शंभरला कधी टेकायची नाही. मागच्या खोलीत वाचन खरोखर संपलं की आतून "संपलं" यायचं आणि पट्टी नाहीशी व्हायची. इतकं गोड जमलं, की तिला स्वतःलाच बघत राहावंसं वाटलं. वर तिने एक वाक्य घातलं. नव्वदच्या पुढे गेलं की पट्टीखाली यायचं, "झालंच, थोडंच राहिलं."

हे वाक्य तिचं नव्हतं, तिच्या दादाचं होतं. लहानपणी ती अनवाणी उंडारायची आणि पायात काटा घेऊन लंगडत घरी यायची. दादा तिचा पाय मांडीवर घेऊन सुईच्या टोकाने काटा उकरायचा. ही किंचाळून घर डोक्यावर घ्यायची आणि तो म्हणत राहायचा, "झालंच, खारू, थोडंच राहिलं." खारूताईसारखी कुठेही चढते, म्हणून खारू. ते ऐकलं की तिला धीर यायचा. आपल्या प्रोग्रामने ताटकळणाऱ्यांना तसाच धीर द्यावा, असं तिला वाटलं. बघा, किती चांगल्या घरातून उचललेलं वाक्य!

ऑफिसात प्रोग्राम तपासणारे एक गृहस्थ होते. प्रत्येक गोष्टीत शंका, म्हणून सगळे त्यांना शंकोबा म्हणत. ते खुर्ची ओढून धाकटीजवळ येऊन बसले.

"ताई, हा आकडा येतो कुठून?"

"घड्याळातून."

"आणि वाचणारा?"

"तो आपला वाचतोय."

"म्हणजे दोघांची गाठभेटच नाही?"

"होते ना. शेवटी, संपलं की."

"आणि मधेच वाचणारा आडवा झाला तर? आत प्राण गेलेला, आणि दारात तुमचं घड्याळ झालंच, झालंच करत उभं."

"शंकोबा, तुमच्या घरी दूध आलं की ते नासलंय का, हे तुम्ही आधी बघत असाल."

"बघतो तर."

"मग निघतं का नासलेलं?"

"कधी कधी निघतं."

आजूबाजूचे खो खो हसले. शंकोबाही हसले आणि खुर्ची घेऊन परत गेले. धाकटी हसली खरी, पण मनात कुठेतरी खट्ट झालं. शंकोबांचं म्हणणं तिला पटलं होतं. पटलं नसतं तर मी ही गोष्ट सांगत बसलो नसतो. पुढच्या खेपेला बघू, म्हणून तिने ते बाजूला ठेवलं, आणि पुढची खेप आली तेव्हा दुसरं काहीतरी घाईचं होतं. तक्रारी थांबल्या होत्या. साहेबांनी सगळ्यांसमोर तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. टाळ्या वाजल्यावर मागे वळून कोण बघतं?

आता दादाकडे या.

दादाही प्रोग्रामरच. बहिणीला या धंद्यात त्यानेच आणलं. पुढे त्याच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला. आधी कडा गेल्या, मग मधलं गेलं, आणि भर उमेदीत माणूस अंधारात बसला. नोकरी सुटली. दुसरा कुणी असता तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला असता. दादा कानांनी काम करायला शिकला. पडद्यावर जे येईल ते वाचून दाखवणारा एक आवाज असतो, सपाट, ना राग ना लोभ. दादा हेडफोन लावायचा, त्या आवाजात कोड ऐकायचा आणि बोटांनी लिहायचा. नव्याने नोकरी शोधताना दारं बरीच बंद झाली. अखेर एका पाणीपुरवठ्याच्या कचेरीने त्याला चाचणीवर घेतलं. चाचणीत उतरला तर कायम, नाहीतर नमस्कार. वहिनी दवाखान्यात परिचारिका होती, घर तिच्या पगारावर चालायचंही, पण दादाचा प्रश्न घर चालण्याचा नव्हता. आपण अजून कामाचे आहोत का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. याच्यानंतर दुसरं दार ठोठावायची ताकद त्याच्यात उरली नव्हती, आणि हे वहिनीला पक्कं माहीत होतं.

त्या कचेरीत धाकटीच्याच कंपनीचा जाणता वापरात होता. दादाने हे बहिणीला मुद्दामच सांगितलं नव्हतं. कायम झालो की सांगू, आनंदाने उडेलच ती, असा त्याचा बेत.

कचेरीच्या प्रमुख एक बाई होत्या. स्वभाव करवतीसारखा, पण करवत जशी सरळ कापते तशा सरळ. त्यांनी चाचणीसाठी दादाला एक खराखुरा बिघाड दिला. एका भागातल्या नळांची वेळ प्रोग्राम चुकीची लावत होता. कारण शोधून संध्याकाळपर्यंत दुरुस्त करायचं.

दादाने सकाळी काम उघडलं. कोड जुना, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातचा. मागच्या खोलीतला जाणता वाचायला बसला. कानात आवाज आला, "चाळीस टक्के." थोड्याच वेळात, "सत्तर टक्के." मग, "ब्याण्णव टक्के. झालंच, थोडंच राहिलं."

दादाच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. शेजारच्या टेबलावरच्याला वाटलं, हा गाणी ऐकतोय.

तो थांबला. जाणत्याचं वाचून झालं की बिघाड शोधणं सोपं होतं, सगळे धागे हातात येतात. बाई येऊन उभ्या राहिल्या.

"झालं का?"

"झालंच, बाई. थोडंच राहिलं."

जेवणाची वेळ झाली. दादाने हेडफोन काढले नाहीत. "अठ्ठ्याण्णव टक्के. झालंच, थोडंच राहिलं." दुपार उतरू लागली. शेजारचा म्हणाला, "काय दादा, शिजत टाकलंय की काय?" दादा हसला. बाई पुन्हा आल्या. दादाने पुन्हा तेच सांगितलं, मनापासून सांगितलं, कारण त्याला मनापासून तसंच वाटत होतं. "नव्व्याण्णव टक्के. झालंच, थोडंच राहिलं."

संध्याकाळी बाई आल्या तेव्हा कोडची एक ओळही बदललेली नव्हती.

"सकाळी विचारलं, झालंच म्हणालात. दुपारी विचारलं, झालंच म्हणालात," बाई म्हणाल्या. "आता मी विचारत नाही."

बास. एवढंच बोलून त्या गेल्या. दादाने हेडफोन उतरवून टेबलावर ठेवले. आजूबाजूचे उठून घरी निघाले होते. त्यातलं कोण आपल्याकडे बघतंय आणि कोण बघणं टाळतंय, हे त्याला दिसत नव्हतं. म्हणून सगळेच बघताहेत असं धरून तो मान खाली घालून बसला.

दुसऱ्या दिवशी सुटी होती. धाकटी सहज भावाकडे आली. दार वहिनीने उघडलं.

"या वन्सं. बरं झालं आलात. तुमचे दादासाहेब आजपासून निवृत्त."

"म्हणजे?"

"त्यांनाच विचारा. मी सकाळपासून विचारतेय तर मला म्हणतात, तुला पेशंट कमी आहेत का?"

वहिनी थट्टेत बोलत होती, पण डोळे सुजलेले होते. आत दादा पलंगावर बसून हेडफोनची वायर गुंडाळत होता. गुंडाळी नीट झाली की सोडायचा आणि पुन्हा गुंडाळायचा.

"खारू आली का? बस. अगं, काही नाही. उद्या जाऊन बाईंना सांगून टाकतो, माझ्याच्याने होत नाही. त्यांनी नको म्हणायच्या आत आपणच म्हणावं. बाई चांगल्या आहेत, त्यांना कशाला अवघडल्यासारखं?"

"पण झालं काय?"

दादाने सगळं सांगितलं. कुणाला नाव ठेवलं नाही. "वेग राहिला नाही माझा. डोळे असते तर एव्हाना दुसरीकडून वाट काढली असती. आता नुसतं बसून राहतो, आणि बसलोय हेही कळत नाही. याला म्हातारपण म्हणतात."

"दाखव तरी मला. कचेरीचं मशीन घरी आणलंयस ना?"

"आणलंय. उद्या परत करायचंय." त्याने ते उघडलं, हेडफोन लावला नाही, आवाज खोलीत सोडला. धाकटी त्याच्या शेजारी बसली. सपाट आवाज म्हणाला, "चाळीस टक्के." ती ऐकत होती. "सत्तर टक्के." आणि मग त्या खोलीत, भावाच्या मांडीजवळ, तो निर्जीव आवाज म्हणाला, "झालंच, थोडंच राहिलं."

दादा तिच्या दिशेने वळून हसला. हसणं अगदी पूर्वीचं.

"तुझंच ना हे? मी पहिल्याच फटक्यात ओळखलं. म्हणून तर बसलो गं. दुसऱ्या कुणाचं असतं ना, तर तासाभरात बंद करून टाकलं असतं आणि एकेक फाइल कानाने धुंडाळली असती. म्हटलं, खारू सांगतेय, तर झालंच असणार."

मंडळी, इथे जरा थांबतो. तुम्हीही थांबा.

धाकटीने दुसरी खिडकी उघडून मागच्या खोलीत डोकावून बघितलं. एका प्रचंड, कुणीतरी यंत्राकडून लिहवून घेतलेल्या फायलीवर येऊन वाचणारा कोसळला होता. आत्ताच नव्हे, आदल्या दिवशीही तो तिथेच कोसळला असणार, सकाळीच. दिवसभर आत कुणीही नव्हतं. काम मेलं होतं, आणि कामाची खबर जिवंत होती. तिच्या शेजारी ती अजूनही बोलत होती, "पंच्याण्णव टक्के."

तिचे कान तापले. दादाला दिसत नव्हतं, तरी तिला त्याच्याकडे बघवेना. तिने पडद्याकडेच बघत म्हटलं, "हं. बारीकशी चूक आहे आमच्याकडे. होईल दुरुस्त. होतच आलंय."

"असं होय!" दादा म्हणाला. "म्हणजे थोडं थांबलो असतो तर झालं असतं?"

ती उठून उभी राहिली. "मला निघायला हवं," म्हणाली. वहिनी म्हणाली, "अहो, आत्ता तर आलात." तिने चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरू लागली.

जिन्यात तिला स्वतःचं बोलणं पुन्हा ऐकू आलं. होतच आलंय. म्हणजे नेमकं काय होतं ते? आत कुणी नसताना दारात उभं राहून सांगितलेलं. प्रोग्रामने सांगितलं तेव्हा निदान त्याला ठाऊक तरी नव्हतं, की आत कुणी नाही. हिला ठाऊक होतं. आणि आता दादा उद्या जाऊन बाईंना सांगणार, की दोष माझा, मी म्हातारा झालो. ती खालच्या पायरीवर बसली. शेजारची एक बाई पिशव्या घेऊन वर चालली होती, तिला वाट द्यायला ती भिंतीला टेकली. बाईने विचारलं, "बरं वाटत नाही का?" धाकटी म्हणाली, "नाही." त्या दिवसातलं तिचं पहिलं खरं उत्तर ते.

मला विचाराल तर लाज ही देवाने माणसाच्या आत ठेवलेली एक खुंटी आहे. माणूस उतरत जातो, उतरत जातो, आणि कुठेतरी त्याचा सदरा तिच्यात अडकतो. फाटला तरी चालेल म्हणून पुढे जाणारे खूप असतात. धाकटी अडकली. ती उठली आणि जिना चढून परत आली. दार अजून उघडंच होतं.

"काही विसरलात का?" वहिनीने विचारलं.

"हो. दादा, तो आकडा खोटा आहे."

दादाची मान वर झाली.

"तो कामातून येत नाही. मी तो घड्याळाला बांधलाय. आत वाचणारा असो नसो, तो पुढे सरकतोच. तुझ्याकडे वाचणारा काल सकाळीच मेला होता. तू थोडं थांबला असतास तरी काही झालं नसतं. वर्षभर थांबला असतास तरी नसतं झालं. मला ऑफिसात एकाने आधीच विचारलं होतं, मी त्यांची चेष्टा केली. आणि मघाशी मी तुला पुन्हा खोटं सांगितलं."

खोलीत फक्त यंत्राचा आवाज होता. "अठ्ठ्याण्णव टक्के." वहिनीने पुढे होऊन ते खाडकन बंद केलं.

"म्हणजे मागे कुणी नव्हतंच?" दादाने विचारलं.

"नव्हतं."

"आणि मी दिवसभर रिकाम्या खोलीच्या दारात बसून होतो." तो हसायला गेला, पण हसू मधेच गळालं. वहिनी चिडली. "वन्सं, हा माणूस जेवला नाही हो काल. तुमच्या पट्टीपायी. म्हणे, आता होईल."

"बोल, वहिनी. बोल मला."

"काय बोलू? तुम्हाला बोलून काय त्यांचा दिवस परत येणारे?"

दादाने मशीन बाजूला सारलं. मग म्हणाला, "खारू, मी पण तुला म्हणायचो की. काटा काढताना. कधी कधी काटा निम्मासुद्धा निघालेला नसायचा. तेव्हा ते खोटंच होतं."

"दादा, माझी बाजू नको घेऊस."

"घेत नाहीये. ऐक तर." त्याने हात पुढे केला, चाचपून तिचं मनगट धरलं. "पण माझी सुई काट्यावर असायची गं."

तेव्हा ती रडली. आवाज न करता, ओठ आत घेऊन. लहानपणी किंचाळून घर डोक्यावर घेणारी, आता आवाज काढायचीही तिला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दादाबरोबर कचेरीत गेली. दादा नको म्हणत होता, "भावाची शिफारस करायला आलीय, असं दिसेल." पण ती ऐकेना. बाईंनी उभ्याउभ्याच ऐकून घेतलं.

"मी विचारलं तेव्हा उत्तर यांनी दिलं होतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही नाही."

"उत्तर यांनी दिलं, पण शब्द माझे होते. यांनी विश्वास ठेवला, एवढंच यांचं चुकलं."

"कामात ते चुकणं लहान नाही."

"नाही, बाई," दादाच म्हणाला. "लहान नाही. मी तपासायला हवं होतं."

बाईंनी दोघांकडे बघितलं. धाकटीचे डोळे जमिनीवर, दादाचा चेहरा समोर. मग त्या दादाला म्हणाल्या, "तो वाचणारा मदतनीस बंद करा. आज त्याच्याशिवाय शोधा. आणि हे बघा, मला टक्के नकोत. किती राहिलं हेही नको. तुमचा हात आत्ता कशावर आहे, तेवढं मला येऊन सांगत जा. काही सापडलं नाही, तर सापडलं नाही म्हणा."

"आणि तुम्ही," त्या धाकटीकडे वळल्या, "तुमचं काम तुमच्या ऑफिसात आहे ना? इथे काय करताय?"

धाकटी निघाली. पाठीमागे तिला दादाचा आवाज ऐकू आला, बाईंना सांगताना, "पहिली फाइल ऐकतोय, बाई. अजून काही नाही."

ऑफिसात पोचताच ती साहेबांकडे गेली नाही. आधी शंकोबांच्या टेबलापाशी गेली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "शंकोबा, दूध नासलेलं होतं." त्यांना काही कळेना. मग तिने सगळं सांगितलं, कुणाच्या घरात नासलं तेही. शंकोबांचा चेहरा उतरला. बरोबर ठरल्याचा आनंद त्यांना अजिबात झाला नाही. "मी तेव्हा हसायला नको होतं," ते म्हणाले. साहेब मात्र कुरकुरले. टक्के काढले तर पट्टी भरणार कशी, लोक पुन्हा बोंब मारतील. धाकटी म्हणाली, "मारू देत, साहेब. उत्तर मी देईन. सासूवाल्यालाही."

तिने घड्याळ काढून टाकलं. आता मागच्या खोलीतून खबर फक्त वाचणाऱ्याच्या हातून येते. तो वाचतो आहे तोवर सांगतो, ही फाइल वाचतोय, इतक्या वाचल्या, किती राहिल्या ते माहीत नाही. तो गप्प झाला की खबरही गप्प होते, आणि बैठकीत स्पष्ट लिहून येतं, आतून उत्तर येत नाहीये. "झालंच, थोडंच राहिलं" तिने पुसलं. पुसताना बोट जरा रेंगाळलं, एवढं खरं. त्यानंतर ते वाक्य तिच्या तोंडून कधी आलं नाही. कुणी विचारलं, झालं का, तर ती आधी कानापर्यंत लाल होते, आणि मग हात कशावर आहे ते सांगते.

दादाला त्या दिवशी बिघाड सापडला नाही. संध्याकाळी त्याने तसंच सांगितलं. "इथवर ऐकलं, बाई. इथवर नाहीये." बाई म्हणाल्या, "उद्या या." दुसऱ्या दिवशी तो गेला, त्याच्या पुढच्या दिवशीही गेला. नळांच्या वेळा पुढे सुधारल्या, आणि दादा अजून त्याच कचेरीत जातो. पण बहिणीला सांगून आनंदाने उडवायचा बेत तेवढा राहूनच गेला. ती उडण्याची वेळ त्या दोघांच्या आयुष्यातून गेली, आणि ती गेल्याची लाज धाकटीने कुणाजवळ बोलून हलकी करून घेतली नाही.

लोक अर्थातच चिडतात. टक्के कुठे गेले, पट्टी का भरत नाही, किती वेळ लागेल ते सांगायला काय होतं? धाकटी एकेकाला उत्तर लिहिते.

तर बाबांनो, बायांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुम्ही कधी एखाद्या पडद्यासमोर बसलात, आणि आतून टक्के आले नाहीत, नुसतं आलं, "ही फाइल वाचतोय, किती राहिल्या माहीत नाही," आणि तुम्हाला राग आला, तर रागावा खुशाल. पण रागावून झालं की एकदा त्या दादाची आठवण काढा. हेडफोन लावून, जेवण सोडून, बहिणीच्या शब्दावर जो रिकाम्या खोलीच्या दारात दिवसभर हसत बसला होता, त्याची.